सरळ दातांची करवत

१

"सेट चोरीला गेला," ठकी फोनवर म्हणाली, तेव्हा मावशीने साहजिकच विचारलं, "कुठला?"

त्यात मावशीची काही चूक नव्हती. ठकी ज्या भाषासंग्रहालयात नोकरीला होती, तिथे दर वर्षी एका इंग्रजी शब्दाची खोली मांडत. पाहुणा म्हणून येऊन घरचाच होऊन बसलेला एखादा शब्द घ्यायचा आणि त्याचे जेवढे अर्थ तेवढ्या खऱ्याखुऱ्या वस्तू मांडायच्या. यंदाचा शब्द होता 'सेट'. ठकीची ही पहिलीच स्वतंत्र खोली, त्यामुळे पोरगी कित्येक महिने झोपेतसुद्धा सेट, सेट करत होती. टी-सेट, रेडिओचा सेट, बुद्धिबळाचा सेट, नाटकाचा सेट. केस सेट करायचे, गजर सेट करायचा. जेली सेट होते, सिमेंट सेट होतं, आणि पोराला नोकरी लागून घर झालं की शेजारीपाजारी म्हणतात, झाला बाबा एकदाचा सेट. एवढासा शब्द, पण बघावं तिकडे आपला हजर.

"डॉक्टरीणबाईंचा," ठकी म्हणाली. "हिऱ्यांचा. हार, कानातली, अंगठी, सगळं गेलं. आणि मावशी, सगळे म्हणतायत बाबांनी घेतला." एवढं बोलून ती रडायला लागली.

मावशीने पुढ्यातला चहा तसाच ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

डॉक्टरीणबाई म्हणजे ठकीच्या होणाऱ्या सासूबाई. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या घराण्याचा रुबाब बाईंनी तसूभरही कमी होऊ दिला नव्हता. ठकीचे बाबा मात्र साधे मिस्त्री. नाटकांचे सेट उभारण्यात त्यांचा जन्म गेला. मुलगी लाकडी बाहुलीसारखी टुकटुक बघायची म्हणून त्यांनीच तिला ठकी म्हणायला सुरुवात केली, आणि शाळेतलं नाव शाळेतच राहिलं. सुताराची मुलगी सून म्हणून घरात येणार हे डॉक्टरीणबाईंनी गोड मानून घेतलं होतं, निदान तोंडावर तरी. मिस्त्री त्यांना अजून विहीणबाई म्हणायला धजत नसत, डॉक्टरीणबाईच म्हणत. आता तेच मिस्त्री चोर ठरले, तर ठकीची नोकरी जाणार, लग्न मोडणार आणि आयुष्यभर सरळ राहिलेला माणूस म्हातारपणी तुरुंगात जाणार. मावशीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मावशीची अर्धी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. गोदाम जळलं की जाळलं, माल बुडाला की आधीच विकला, हे हुडकून काढायचं. त्यामुळे कुणी नुसतं "कशा आहात?" विचारलं तरी तिच्या मनात पहिलं येई, याला काय हवंय. निवृत्त झाली तरी पर्समधलं भिंग काही तिने काढलं नव्हतं.

२

संग्रहालयाचे संचालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, दारातच घड्याळाशी खेळत उभे होते.

"अकराला दारं उघडतात," ते म्हणाले. "त्याआधी मला पोलिसांना कळवावं लागेल. मिस्त्रींचं नाव घेताना मलाही वाईट वाटतंय, पण करवत त्यांचीच आहे."

"कळवा की. तोवर खोली मला द्या."

"आपण मिस्त्रींच्या मेव्हणी ना?"

"म्हणून तर जरा जास्तच बारकाईने बघेन. नात्यातला माणूस चोर असेल तर मला आधी कळलेलं बरं."

साहेब बाजूला झाले.

खोलीच्या मध्यावर मिस्त्रींनी एका नाटकाचा दिवाणखाना उभारला होता. रंगवलेली भिंत, रंगवलेली खिडकी, आणि दोन खऱ्या खुर्च्या. त्याच्या भोवतीने काचेच्या पेट्या. दाराशेजारच्या टेबलावर मेणाचं डोकं, त्याच्या केसांना रोलर लावलेले. समोरच्या भिंतीवर दोन करवती टांगलेल्या, एक जुनी, मुठीशी काळवंडलेली, दुसरी कोरी, चकचकीत. त्या का टांगल्यात हे बघणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता, कारण एकाही वस्तूखाली पाटी नव्हती.

"पाट्या आम्ही उद्घाटनाच्या सकाळीच लावतो," ठकी म्हणाली. तिच्या हातात पाट्यांचा गठ्ठा होता आणि नाक लाल झालं होतं. "तोपर्यंत नुसत्या वस्तू. इथली पद्धतच आहे तशी."

"काल काय झालं ते सांग. रडायचं नंतर."

काल संध्याकाळी, ज्यांनी ज्यांनी वस्तू दिल्या त्यांना आधी खोली दाखवायला बोलावलं होतं. बघून झाल्यावर ठकीने सगळ्या पेट्यांवर कापडं घातली आणि मंडळी शेजारच्या दालनात चहाला गेली. चहा संपेपर्यंत खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. शेवटी तिने कुलूप लावलं, पण कापडाखाली डोकावून कोण बघतं? सकाळी पाट्या लावायला कापडं काढली, तेव्हा कोपऱ्यातली पेटी रिकामी दिसली.

मावशी पेटीपाशी गेली. पेटीच्या झाकणाचं कुलूप समोरच्या एका अरुंद लाकडी पट्टीत बसवलेलं होतं. ती पट्टी कुलपाच्या दोन्ही बाजूंनी कापलेली होती. आत गडद मखमल पसरलेली, तिच्यावर भुसा, आणि दुसरं काही नाही.

"करवत कुठे होती?"

"जिथे आता आहे तिथेच, भिंतीवर. पण नव्या करवतीच्या दातांत भुसा सापडला," साहेब मागून म्हणाले. "आणि ती नवी करवत परवाच मिस्त्रींनी आणून लावली."

३

पार्लरवालीने मेणाच्या डोक्याचे केस सेट केले होते. ती गेली पंधरा मिनिटं ज्याला त्याला तेच सांगत होती, पण मावशीला सांगताना तिला नवा हुरूप आला.

"अहो, मी माझ्या कानांनी ऐकलं. आम्ही चहा घेत होतो आणि आतून करवतीचा आवाज येत होता. महिनाभर इथे ठोकाठोक चाललीये, कोण लक्ष देतं? म्हटलं, मिस्त्री असतील. दुसरं कोण करवत चालवणार?"

"कशी चालत होती?"

"कशी म्हणजे? अडकत अडकत. दोन घास घ्यायची, थांबायची, परत कुरकुरायची. जिवावर आल्यासारखी."

"चहाच्या वेळी दालनात कोण नव्हतं?"

"मिस्त्री नव्हतेच. साहेब फोनवर बोलत बाहेर गेले होते. डॉक्टरीणबाई चष्मा विसरला म्हणून उठल्या, मग हात धुवायला गेल्या. आणि ठकीमॅडमचं काय, चहाबिस्किटं आणायला सारखी आतबाहेर." ती जरा जवळ सरकली. "मी मात्र जागची हलले नाही हं. बिस्किटं चांगली होती."

मावशीने तिच्याकडेही संशयाने बघून घेतलं. फुकट काही सोडायचं नाही, अशी सवयच होती.

मिस्त्री आपल्याच रंगवलेल्या दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर बसले होते. ठकीची आई, म्हणजे मावशीची बहीण, गेल्यापासून ते अर्धंच बोलायचे.

"भाऊजी, काल चहाच्या वेळी कुठे होतात?"

"मागच्या अंगणात ब्रश धूत होतो."

"कुणी पाहिलं?"

"नळाने पाहिलं असेल."

"सेट तुम्ही घेतलात?"

मिस्त्रींनी मान वर केली. "ताई, तुम्ही विचारताय?"

"मी सगळ्यांनाच विचारते. घेतलात का?"

"नाही."

मावशीला ते खरं वाटलं, आणि म्हणूनच तिने ते बाजूला ठेवलं. खरं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला कंपनीने चांगलं शिकवलं होतं.

डॉक्टरीणबाई शेजारच्या दालनात खिडकीशी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मांडीवर पर्स, तिच्यावर उजवा हात, त्या हातात रुमाल गच्च धरलेला. चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने उचलला.

"माझा कुणावर आरोप नाही," त्या म्हणाल्या. "गेलं ते गेलं. पोलीस वगैरे नकोच, असं मी साहेबांना सांगितलंय. मुलगी गुणी आहे हो. फक्त आता या लग्नाचं जरा... लोक काय म्हणतील ते बघावं लागेल."

"पेटीची किल्ली तुमच्याकडे होती ना?"

"एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. त्या अटीवरच दिला होता सेट. माझी घरी कपाटात आहे." कप बशीत ठेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो सराफ यायचा होता ना आज? आता त्याचं काही कामच उरलं नाही. येऊ नका म्हणून कळवलंय ना त्याला?"

"बघते," मावशी म्हणाली. तिच्या डोक्यात कुठेतरी बारीकशी खुटखुट सुरू झाली.

४

मावशीने भिंग काढलं आणि पेटीवर वाकली. साहेबांची चुळबुळ चालली होती. त्यांना अकराची काळजी, तिला मखमलीची.

"ठकी, सेट कसा ठेवला होता? स्टँडवर?"

"नाही, मखमलीवर सपाट मांडला होता. हार पसरून."

"मग हे बघा साहेब. भुसा कुठे कुठे पडलाय?"

साहेब वाकले. "सगळीकडे."

"अगदी सारखा. पट्टी कापताना हार आत असता, तर भुसा हारावर पडला असता आणि हार उचलल्यावर खाली मखमलीवर त्याचा आकार कोरा उमटला असता. टेबलावरची बशी उचलली की खालची धूळ नसलेली जागा दिसते ना, तसा. इथे कोरी जागा कुठेच नाही. म्हणजे सेट आधी निघाला आणि करवत नंतर चालली."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "पण सेट काढल्यावर पेटी कशाला कापायची?"

"तेच मीही स्वतःला विचारतेय. आता करवतीकडे या."

मावशीने ठकीच्या हातातल्या गठ्ठ्यातून करवतींची पाटी शोधली आणि मोठ्याने वाचली. "सेट करणे. करवतीचे दात आळीपाळीने एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवणे. त्यामुळे काप पात्यापेक्षा रुंद होतो आणि करवत अडकत नाही. डावीकडची करवत सेट केलेली, उजवीकडची सेट न केलेली." तिने वर पाहिलं. "ही नवी करवत दुकानातून अशी मिळते का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "सेट करूनच मिळते. मी हातोडीने एकेक दात ठोकून सरळ केला, ठकीला दाखवायला हवी होती म्हणून. या करवतीने लोणीसुद्धा कापता येणार नाही."

मावशीने दोन्ही करवती उतरवून पेटीशी आणल्या. जुनी करवत कापलेल्या फटीत घालून पाहिली. फट इतकी अरुंद होती की जुनीचे दात आत शिरेचनात. मग नवी घातली. ती चपखल बसली. भिंगातून कापाच्या कडा घासून घासून तपकिरी झालेल्या दिसत होत्या.

"आता सांगा साहेब. ज्या माणसाने स्वतः ठोकून करवत निकामी केली, तो चोरी करायला तीच उचलेल? शेजारी धारदार करवत टांगलेली असताना? पार्लरवालीने ऐकलं ते अडकत अडकत चाललेलं. भाऊजींच्या हातात करवत अशी अडकली तर ते ती फेकून देतील."

ठकीने बापाचा हात धरला आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर थोडी कळा आली. मावशीलाही बरं वाटलं, पण फार वेळ नाही.

कारण साहेब हुशार होते. "म्हणजे पेटी आधी किल्लीने उघडली," ते सावकाश म्हणाले. "मग फोडल्यासारखी दिसावी म्हणून कापली. किल्ल्या दोनच. एक डॉक्टरीणबाईंच्या घरी कपाटात. दुसरी..."

सगळ्यांनी ठकीकडे पाहिलं.

५

"मी घेतला," मिस्त्री म्हणाले.

ते इतक्या शांतपणे म्हणाले की क्षणभर कुणाला कळलंच नाही. "मीच घेतला साहेब. तिची किल्ली काढून घेतली. पोलिसांना बोलवा."

"बाबा, काहीतरीच काय?"

"भाऊजी, गप्प बसा," मावशी म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि त्याचा तिला रागही आला. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही, कधी आलंही नाही. माझ्या बहिणीने याच कारणासाठी तुमच्याशी लग्न केलं. एवढी मेहनत करून मी तुम्हाला सोडवलंय आणि तुम्ही परत आत जाऊन बसताय."

मग ती साहेबांकडे वळली.

"किल्लीवाला चोर, हे खरं. पण करवत विसरू नका. ही पाटी लिहिली कुणी? ठकीने. तिला पेटी फोडल्यासारखी दाखवायची असती, तर तिने न चालणारी करवत घेतली असती? तुम्ही सगळे महिनाभर ही खोली जगताय. कुठली करवत कामाची आणि कुठली दाखवायची, हे ठकीला आणि भाऊजींना पाठ आहे. पण पाट्या आज लागायच्या होत्या. काल परक्या माणसाला भिंतीवर नुसत्या दोन करवती दिसल्या, एक जुनाट, एक चकचकीत. करवतीतलं ज्याला काही कळत नाही, तो चकचकीत उचलणार. तर मला माणूस हवाय तो असा. हातात किल्ली आहे, पण जो इथला नाही."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. "पण स्वतःच्याच वस्तूची चोरी कोण करेल?"

"साहेब, माझा पगार आयुष्यभर अशाच लोकांमुळे चालला. फक्त इथे विमा नाही, म्हणजे कारण दुसरं आहे. ठकी, तो सराफ आज कशाला येणार होता?"

"जडवण्याचं काम दाखवायला," ठकी म्हणाली. "खडा कोंदणात बसवतात त्यालाही सेट करणं म्हणतात ना, तो अर्थ राहिला होता. परवाच मला सुचलं की त्यांनी डॉक्टरीणबाईंचाच हार हातात घेऊन, भिंगातून लोकांना दाखवावं. मी बाईंना सांगितलं, तर त्यांनी दोनदा विचारलं, काचेतून बाहेर काढणार का म्हणून. मला वाटलं, हरवेल म्हणून काळजी करतायत." आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"सराफाला येऊ नका म्हणून कळवलंस?"

"नाही अजून."

"नको कळवूस," मावशी म्हणाली आणि शेजारच्या दालनाकडे निघाली.

६

मावशीने डॉक्टरीणबाईंना नाटकाच्या दिवाणखान्यात नेलं आणि दोघी त्या दोन खऱ्या खुर्च्यांवर बसल्या. रंगवलेल्या खिडकीतून रंगवलेलं ऊन येत होतं.

"हात दाखवा," मावशी म्हणाली.

"काय?"

"उजवा. रुमाल सोडा."

बाईंनी रुमाल सोडला. तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी मोठा फोड आला होता, तोही फुटलेला.

"खडे काचेचे आहेत ना?" मावशीने विचारलं. आवाज तिने मुद्दाम हळू ठेवला होता.

डॉक्टरीणबाईंचा ताठा एकदम कुठल्या कुठे गेला. "ह्यांच्या आजारपणात एकेक खडा काढत गेले," त्या म्हणाल्या. "त्या जागी काच बसवली. ह्यांनाही कळू दिलं नाही, मुलालाही नाही. ठकीने सेट मागितला तो मुलासमोर. नाही कसं म्हणणार होते? काचेच्या पेटीत काय, कुणाला कळतंय, असं वाटलं. मग ते सराफाचं निघालं." त्यांनी पर्स पोटाशी धरली. "मिस्त्रींवर येईल हे मनातसुद्धा नव्हतं हो. बाहेरचा कुणी चोर वाटावा, एवढंच. हाताला आली ती करवत घेतली."

"पण त्यांच्यावर आलं, तेव्हा तुम्ही इथेच होतात. चहा पीत."

बाईंनी मान खाली घातली. "हो."

मावशीला त्यांची दयाही आली आणि संतापही. "खडे काचेचे आहेत हे माझ्या तोंडून मरेपर्यंत निघणार नाही," ती म्हणाली. "हरवेल म्हणून मीच काढून घेतला म्हणा, काय हवं ते म्हणा, तुमचं तुम्ही ठरवा. पण भाऊजी चोर नाहीत हे तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर."

डॉक्टरीणबाई उठल्या. बाहेर साहेब होते, पार्लरवाली होती, ठकी होती, आणि बातमी ऐकून धावत आलेला त्यांचा मुलगा ठकीशेजारी उभा होता. मुलाला पाहून बाई थबकल्या. आता काहीतरी सोयीचं सांगतील, असं मावशीला वाटलं. संशय घेण्यात तिची चूक क्वचितच व्हायची, पण आज झाली.

बाईंनी पर्समधून सेट काढून पेटीवर ठेवला. "मीच काढला होता," त्या म्हणाल्या. "पेटीही मीच कापली. खडे काचेचे आहेत, ते लपवायला. मिस्त्रींचा काही संबंध नाही. सकाळपासून मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसले."

मुलगा आईकडे नुसता बघत राहिला.

मिस्त्री पेटीपाशी गेले. त्यांनी हाराकडे बघितलंही नाही. कापलेली पट्टी उचलून उलटसुलट केली, तपकिरी कडेवरून अंगठा फिरवला, आणि मग बाईंच्या हाताकडे पाहिलं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "करवत चुकीची घेतलीत. मला सांगितलं असतंत, तर मी कापून दिली असती."

हा शब्द ते पहिल्यांदाच उच्चारत होते. डॉक्टरीणबाईंनी फोड आलेला हात तोंडावर धरला आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. ठकी पुढे झाली आणि तिने त्यांना खुर्चीवर बसवलं.

पट्टी नवीन बसवून होईपर्यंत दारं उघडायला थोडा उशीर झाला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही.